उशिराची पानं

अंधेरी पूर्वेच्या आमच्या शाळेच्या फाटकाबाहेर दर डिसेंबरात प्रवेशाच्या चौकशीसाठी रांग लागते. आता फॉर्म मोबाइलवर भरता येतो, तरी माणसं येतातच. सीप्झमध्ये दागिन्यांना पॉलिश करणारे, विमानतळावर सामान चढवणारे, सहारच्या हॉटेलांच्या धुलाईघरात राबणाऱ्या बाया, रिक्षावाले, बँकेतले कारकून. यांतले निम्मे तरी स्वतः इंग्रजी शाळेची पायरी चढलेले नसतात. हीच शाळा का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘‘इथं डिसिप्लिन चांगली आहे.’’

या शाळेच्या माध्यमिक विभागात मी मराठी शिकवते. माध्यम इंग्रजी, शाळा अनुदानित, व्यवस्थापन चर्चचं. पॅरिशचे मुख्य धर्मगुरू शाळेचे मॅनेजर असतात आणि आमचे पगार सरकारकडून होतात. नव्वदच्या दशकात सांगली जिल्ह्यातून बी.एड. होऊन मी इथं रुजू झाले, ती येत्या मे महिन्यात निवृत्त होणार आहे. रांगेतली माणसं ज्या एका शब्दासाठी एवढी धडपडतात, त्या शब्दाच्या आत खरोखर काय असतं हे मी इतकी वर्षं आतून पाहिलं. ते कुणीतरी नीट लिहायला हवं असं मला वाटतं.

बाहेरच्यांना दिसते ती शिस्त म्हणजे पांढरे मोजे, तेल लावून घातलेल्या वेण्या, कापलेली नखं आणि रांगेत चालणं. मी आले तेव्हा लाकडी फूटपट्टीही होती. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, शारीरिक शिक्षेवर बंदी आली आणि फूटपट्टी कपाटात गेली. काही पालक तेव्हा तक्रार घेऊन आले, ‘‘आता पोरं बिघडणार.’’ पोरं काही बिघडली नाहीत आणि प्रवेशाची रांगही वीतभर आखडली नाही. म्हणजे लोक फूटपट्टीसाठी येत नव्हते.

माझ्या मते ते कॅलेंडरसाठी येतात, जरी त्यांना स्वतःला तसं सांगता येणार नाही.

मुंबईतल्या कॉन्व्हेंट शाळांत शिकलेल्यांना हे पुस्तक सांगावं लागणार नाही. दर जूनमध्ये मुलाच्या हाती पडणारी, तळहातापेक्षा थोडी मोठी वही. पुढे शाळेची प्रार्थना, राष्ट्रगीत, नियम, सुट्ट्यांची आणि परीक्षांची यादी. मागे रकाने आखलेली पानं: गैरहजेरी, उशीर, शेरे. तारीख, कारण, पालकांची सही, वर्गशिक्षकांची सही. आदल्या दिवशी गैरहजर राहिलेल्या मुलानं कारण लिहून आणल्याशिवाय वर्गात बसायचं नाही. पहिली घंटा ७ वाजून १० मिनिटांनी होते. त्यानंतर येणाऱ्याची नोंद फाटकावरच होते. ‘‘कॅलेंडर आणलंस का?’’ हे वाक्य मी बोलले असेन तितक्या वेळा स्वतःचं नावही उच्चारलं नसेल.

माणसं कॅलेंडरची पुढची पानं बघतात, मी मागची वाचते. कारणाच्या रकान्यात एखादी आई मराठीत ‘पोटात दुखत होते’ लिहिते. एखादा बाप उर्दूत लिहितो आणि मग मला वर्गातल्याच एका मुलीकडून ते वाचून घ्यावं लागतं. कुणाच्या आईचा अंगठा असतो आणि शेजारचा मजकूर मोठ्या बहिणीच्या हातचा. ‘फीव्हर’ हा इंग्रजी शब्द पाच-सहा तऱ्हांनी लिहिलेला मी पाहिला आहे आणि त्यातला प्रत्येक खरा होता. सही वडिलांची की मुलानंच केलेली, हे ऑगस्ट संपेपर्यंत वर्गशिक्षकाला कळायला लागतं. ज्याला कळत नाही त्यानं अजून पानं वाचायला सुरुवात केलेली नाही असं समजावं.

नववीच्या वर्गातला एक मुलगा आठवतो. सहामाहीपर्यंत ठीक होता. हुशार म्हणावा असा नाही, पण वह्या पूर्ण. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो घसरला. गणितात एक आकडी गुण, विज्ञानात तसंच. वार्षिक परीक्षेच्या तोंडावर, ज्यांची काळजी वाटते अशा मुलांच्या नावांवर चर्चा करायला आम्ही सगळे शिक्षक बसलो होतो.

ही बैठक काय असते ते सांगायला हवं. शिक्षणहक्क कायद्यानं आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असं ठरलं, तेव्हापासून आमच्या राज्यात नववी ही चाळणी झाली. दहावीचा निकाल फलकावर लागतो, वर्तमानपत्रात येतो. नववीचा निकाल कुणी विचारत नाही. त्यामुळे शंभर टक्क्यांचा हट्ट धरणाऱ्या शाळांत कच्ची मुलं नववीतच थांबवली जातात किंवा पालकांना बोलावून गोड शब्दांत सुचवलं जातं की सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा. सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे खासगी विद्यार्थी. मूल परीक्षेला बसतं, पण शाळेच्या निकालात मोजलं जात नाही. हा फॉर्म शाळा सुटलेल्या, कामाला लागलेल्या माणसांसाठी आहे आणि त्यांच्यासाठी तो मोठा आधार आहे. वर्गात बसलेल्या चौदा वर्षांच्या पोराला त्या वाटेनं बाहेर काढणं हे मला कधीही पटलं नाही. मी ते बैठकीत उभं राहून बोललेही आहे.

त्या दिवशी कुणीतरी तोच फॉर्म सुचवला. तेव्हाचे आमचे प्रिन्सिपल फादर मितभाषी होते. त्यांनी एवढंच म्हटलं, ‘‘याचं कॅलेंडर कुणी पाहिलंय का?’’

मी वर्गशिक्षिका होते आणि कॅलेंडर माझ्या पुढ्यातच होतं. उशिराचं पान उघडून टेबलावर ठेवलं. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ते जवळजवळ कोरं होतं. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून मात्र ओळीनं नोंदी होत्या: पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, पुन्हा वीस. आळशी मुलाचा उशीर असा नसतो. आळशी मुलगा सोमवारी उशिरा येतो, पावसात उशिरा येतो, सामन्याच्या दुसऱ्या दिवशी उशिरा येतो. हा मुलगा एका ठरावीक तारखेपासून रोज एकाच वेळी येत होता. त्याच्या घरी कशाचीतरी वेळ बदलली होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्याच्यासोबत घरी गेले. टेकडीच्या उतारावरची वस्ती. पायऱ्या संपतात तिथं गल्लीचा नळ. त्याची आई विमानतळाजवळच्या हॉटेलात सकाळच्या पाळीला, वडील कार्गोत रात्रपाळीला. दिवाळीनंतर त्या भागातल्या पाण्याची वेळ पुढे सरकली होती. आधी पहाटे यायचं ते आता सहानंतर येऊ लागलं. आई तोवर कामावर गेलेली, वडील परतलेले नसत आणि धाकटी बहीण पहिलीत. पाणी हा भरायचा. निळी पिंपं दाराशी मांडलेली होती. एकाचं झाकण हरवलं होतं, त्यावर स्टीलची परात उपडी घातली होती. त्याची आई मला बघून घाबरलीच. ‘‘मिस, कुछ किया क्या इसने?’’ मी म्हटलं, ‘‘नाही ताई, पाण्याची वेळ विचारायला आले.’’

हा मुलगा घंटेनंतर वीस मिनिटांनी येत होता आणि त्याच्या वर्गाचा पहिला तास आठवड्यातून चार दिवस गणिताचा होता. आमचे गणिताचे सर केरळचे, बोलायला कडक. त्यांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. पण त्या आठवड्यापासून मधली सुट्टी झाली की ते त्या मुलाला खिडकीजवळच्या बाकावर घेऊन बसू लागले. फादरनी फाटकावर सांगून ठेवलं की या मुलाची नोंद करायची, पण त्याला थांबवायचं नाही. पुढच्या जूनमध्ये वेळापत्रक लावताना त्या तुकडीचा गणिताचा तास तिसरा आला. तो मुलगा दहावी शाळेतूनच पास झाला. गुण बेताचेच होते, आयटीआयला गेला आणि आज लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करतो.

पालक ज्याला शिस्त म्हणतात ती मला ही वाटते. साठ मुलांच्या वर्गात एकेका मुलाकडे कुणाचंतरी रोज लक्ष असणं. मूल आलं नाही तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारणार आहे, हे मुलाला ठाऊक असणं आणि त्याच्या आईलाही ठाऊक असणं. ज्या घरात आईबाप दोघंही अंधारात बाहेर पडतात, त्या घराला या एका गोष्टीची किती गरज असते हे रांगेतल्या माणसांच्या चेहऱ्यावर वाचता येतं.

कॅथलिक शाळा म्हणजे सगळी मुलं कॅथलिक असा अजूनही अनेकांचा समज आहे. माझ्या वर्गात कॅथलिक मुलं तिसरा हिस्साही नसतात. त्यांचा कॅटेकिझमचा तास असतो तेव्हा बाकीच्यांना मूल्यशिक्षण. घंटा झाली की एकाच बाकावरचे दोन मित्र उठून वेगवेगळ्या खोल्यांत जातात आणि पस्तीस मिनिटांनी परत शेजारी येऊन बसतात. मूल्यशिक्षणाचा तास मी पुष्कळ वर्षं घेतला. एखाद्या हिंदू बाईनं मुसलमान, बौद्ध, जैन, शीख मुलांना कॉन्व्हेंट शाळेत मूल्यं शिकवायची, यात त्या मुलांना काही वावगं वाटलं नाही आणि मलाही नाही. मला त्या तासाचं एकच दुःख होतं: दोन्ही गट वेगळे बसतात. खोटं बोलण्याबद्दल, मत्सराबद्दल, मेलेल्या आजोबांबद्दल बोलायचं ते एकमेकांसमोर बोलायला हवं. वर्षातून काही वेळा आम्ही ते जमवलं, विशेषतः डिसेंबरात, गव्हाणीचा देखावा करताना. तेव्हा खोल्या मोडायच्या. गवत कुणी आणायचं, मेंढरं कुणी कापून चिकटवायची, यावरून जी भांडणं व्हायची ती मिटवताना माझं जितकं मूल्यशिक्षण व्हायचं तितकं वर्षभरात होत नसे.

या परिसराबद्दल सांगितल्याशिवाय शाळेबद्दलचं सांगणं अपुरं राहील. मरोळ, चकाला, सहार ही मूळची गावं. आजही गगनचुंबी इमारतींच्या मागे गावठाणं आहेत, क्रूस आहेत, कौलारू घरं आहेत. सीप्झच्या कुंपणाच्या आत १५७९ सालच्या एका चर्चच्या भिंती अजून उभ्या आहेत. १८४० मध्ये साथ आली, लोकांनी ती जागा सोडली आणि मरोळला नवं चर्च बांधलं. त्या जुन्या चर्चच्या लोकांचे वंशज म्हणजे इथले ईस्ट इंडियन. इथलेच शेतकरी, आगरी, कोळी, पाठारे, शेकडो वर्षांपूर्वी ख्रिस्ती झालेले. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव झाला त्या सुमारास त्यांनी हे नाव घेतलं, गोव्याहून आणि मंगळूरहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती बांधवांपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून. घरात ते मराठी बोलतात. त्यांची मराठी, सुरांची आणि शब्दांची वेगळी, पण मराठीच.

मी रुजू झाले तेव्हा वर्गातली ईस्ट इंडियन मुलं हे लपवत असत. पोर्तुगीज आडनाव, इंग्रजी शाळा, आणि घरी आजीशी बोलायची भाषा मात्र कामवाल्या मावशीशी मिळतीजुळती, याची त्यांना लाज वाटे. मराठीच्या तासाला ती मुद्दाम अडखळत वाचत. ओपन डेला मात्र त्यांच्या आज्या येत, काही जणी लुगडं नेसून. सगळ्या टेबलांवर इंग्रजी चाललेलं. माझ्या टेबलाशी आल्या की खुर्चीत टेकून बसत आणि मोकळं बोलत. नातवाचे गुण राहायचे बाजूला, विहिरीच्या, भातशेतीच्या, विमानतळासाठी गेलेल्या जमिनीच्या गोष्टी निघायच्या. नातू शेजारी मान खाली घालून उभा.

दहावीला भाषेच्या ऐंशी गुणांच्या लेखी परीक्षेबरोबर वीस गुण अंतर्गत असतात, त्यात मुलांनी बोलून दाखवायचं असतं. हे गुण २०१९ च्या परीक्षेला काढून टाकले होते. त्या वर्षी राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला आणि पुढच्या वर्षी गुण परत दिले गेले. चर्चा निकालाची झाली. मला त्या वर्षी वाईट वाटलं ते मुलांचं बोलणं गेलं म्हणून. कारण त्या वीस गुणांच्या निमित्तानं मी एक प्रथा पाडली होती: पुस्तकातलं पाठ करून यायचं नाही, घरचं सांगायचं.

एका वर्षी अशाच एका ईस्ट इंडियन मुलीनं बहिणीच्या लग्नातलं उंबराचं पाणी सांगितलं. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जायचं, पाणी काढायचं, घरी आणायचं आणि त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालायचं. तिनं सुरुवात केली शुद्ध पुस्तकी मराठीत, दुसऱ्या वाक्याला अडली. मग म्हणाली, ‘‘मिस, घरी बोलतो तसं सांगू?’’ आणि पुढची पाच मिनिटं ती जे बोलली त्यात एकही वाक्य अडलं नाही. बॅन्डवाला कसा उशिरा आला, मावशीनं कळशी डोक्यावर घेताना कुणाला कसं दटावलं, फुगे तळताना आजीनं कुणालाही चुलीजवळ कसं फिरकू दिलं नाही. वर्गातल्या आगरी आणि कोळी मुलांचे डोळे मोठे होत गेले. त्यांच्या घरच्या लग्नात यातलं बरंच होतं. तिला मी पूर्ण गुण दिले. त्याहून मोठी गोष्ट नंतरच्या आठवड्यात झाली. एरवी हिंदीतून बोलणारी आणखी तीन मुलं घरचं सांगायला तयार झाली.

फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुईट धर्मगुरूनं गोव्यात राहून मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचलं आणि ते १६१६ साली छापलं गेलं, हे मी दर वर्षी नववीला सांगते. जानेवारी २०२० मध्ये वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा शिक्षकखोलीत आम्ही पेढे वाटले. इंग्रजीच्या गोवेकर मिसनीही मागून दुसरा घेतला. त्या दिवशी मी वर्गात काही वेगळं शिकवलं नाही. वर्तमानपत्रातला फोटो फळ्याच्या कोपऱ्यात चिकटवला. दुपारी पाहिलं तर त्याखाली कुणीतरी खडूनं लिहिलं होतं, ‘आमच्यासारखे मराठी’. मी ते पुसलं नाही.

आता २६ जुलै २००५. मंगळवार होता. आमची माध्यमिक शाळा सकाळची, प्राथमिक दुपारची. दहावीच्या मुलांचे जादा तास होते म्हणून मी थांबले होते. दोननंतर पाऊस असा लागला की तीनच्या सुमारास मैदान दिसेनासं झालं. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की मिठी नदीकडून पाणी येतंय, वीज गेली आहे, फोन लागत नाहीत आणि इमारतीत पहिली ते चौथीची शेकडो मुलं आहेत.

फादर व्हरांड्यात उभे राहिले आणि त्यांनी एकच नियम सांगितला. ज्याला आपण ओळखतो त्याच्याच हाती मूल द्यायचं. मूल ‘हे माझे काका’ म्हणालं तरी आपल्यापैकी एकानं त्या माणसाला आधी पाहिलेलं असलं पाहिजे. नसेल तर मूल इथंच झोपेल. मग दहावीच्या मुलांना वाटून दिलं. प्रत्येक खोलीत दोघं, एकानं फळ्यावर उरलेल्यांची नावं लिहायची, एकानं दाराशी बसायचं. प्राथमिकच्या बाईंनी कॅलेंडरं गोळा करून पत्त्यांप्रमाणे ढीग लावले: साकीनाका, मरोळ पाईपलाईन, जे. बी. नगर, चकाला. एका भागातला ओळखीचा बाप आला की त्याला त्याच गल्लीतल्या आणखी दोन मुलांबद्दल विचारायचं.

गावठाणातल्या बायका पाण्यातून भाताची पातेली घेऊन आल्या. दोघी जणी दोन्ही बाजूंनी कडा धरून, पातेलं छातीच्या उंचीवर. चर्चच्या सभागृहातल्या सतरंज्या आल्या. वेदीवरच्या मेणबत्त्याही आल्या. रात्री एकच्या सुमारास कमरेपर्यंत भिजलेला एक माणूस फाटकाशी आला आणि दुसरीतल्या एका मुलीचं नाव सांगू लागला. तिचा बाप तो नव्हता, कुठलीच बाई त्याला ओळखेना. मुलगी झोपेत होती, उठवली तर नुसती रडत होती. तेवढ्यात आमचे शिपाईमामा कंदील घेऊन आले, त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘‘हा सायकलवाला. रोज हिला पुढच्या दांडीवर बसवून आणतो. काळी सायकल, मागे दुधाचा कॅन.’’ शेजारी होता तो. मुलीचे आईबाप दोघंही कुर्ल्याला अडकलेले. मामांच्या सांगण्यावर मूल दिलं. दुसऱ्या दिवशी साकीनाक्याला दरड कोसळून किती माणसं गेली हे ऐकलं तेव्हा हात गार पडले. आमच्या शाळेतलं एकही मूल त्या रात्री हरवलं नाही. याचं श्रेय मी पावसाला किंवा नशिबाला देणार नाही. ते मामांच्या नजरेला आहे, जी दर सकाळी फाटकाशी उभी राहून कोण कुणाबरोबर येतं हे पाहत होती. त्या कामाचा त्यांच्या नेमणूकपत्रात उल्लेख नव्हता.

करोनाबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्यांनी भोगलं. शाळा पडद्यावर गेली आणि मागची पानं कोरी पडली. २०२१ ला दहावीची परीक्षाच झाली नाही, नववी-दहावीच्या कामावरून गुण दिले गेले आणि राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. निकाल इतका चांगला आणि मुलं इतकी दूर, असं मी कधी पाहिलं नव्हतं. विमानतळ बंद पडल्यानं कितीतरी बापांचं काम गेलं होतं. घरात एक फोन, तो बापाबरोबर बाहेर. आम्ही शिक्षकांनी तुकड्या वाटून घेतल्या आणि दर आठवड्याला प्रत्येक घरी फोन केला, अभ्यासाचा विषय न काढता. कोण कुठं गेलं, गावी गेलं का, जेवण होतंय का. शाळा पुन्हा उघडली तेव्हा सगळी मुलं परत आली नाहीत. नववीतल्या दोन मुलींची लग्नं गावी झाली होती. त्यांचे दाखले मागायला कुणी आलंच नाही, त्यामुळे हजेरीपटावर त्यांची नावं पुष्कळ दिवस तशीच होती. ती कमी करायची वेळ आली तेव्हा मला फार जड गेलं.

आज माझी काळजी वेगळी आहे. अनुदानित शाळेत किती शिक्षक हवेत हे संचमान्यतेनं ठरतं आणि संचमान्यता ठरते आधारशी नाव जुळलेल्या मुलांच्या संख्येवर. आमच्याकडे कितीतरी मुलांचं नाव बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक, जन्मदाखल्यावर दुसरं आणि आधारवर तिसरं. आडनावातलं एक चिन्ह इकडं आहे, तिकडं नाही. मूल बाकावर बसलेलं असतं, माझ्या डोळ्यांसमोर डबा खात असतं आणि संगणकाच्या लेखी ते नसतं. ही नावं जुळवण्यात शिक्षकांचे महिने जातात. आकडा खाली आला की पद अतिरिक्त ठरतं, निवृत्त झालेल्याची जागा भरायला परवानगी येत नाही. मग व्यवस्थापन स्वतःच्या पैशातून तुटपुंज्या मानधनावर कुणालातरी नेमतं. अशी तरुण माणसं दोन-तीन वर्षांत जास्त पगाराच्या शाळेत निघून जातात. त्यांचा दोष नाही, त्यांनाही घर चालवायचं असतं. पण मुलांना ओळखायला वेळ लागतो आणि तो वेळ या माणसांना कुणी देत नाही. सरकारनं इंग्रजी माध्यमाच्या जुन्या अनुदानित शाळांना मरू देऊ नये असं मी ठामपणे म्हणते. लाखभर फी घेणाऱ्या शाळा शेजारीच उभ्या राहिल्या आहेत. धुलाईघरातल्या बाईचं मूल तिथं जाऊ शकत नाही. ते इथं येऊ शकतं, कारण इथला पगार सरकार देतं.

माझा वर्ग जूनपासून एक तरुण मुलगी घेणार आहे. वसईची आहे, एम.ए. मराठी, मानधनावर. गेले काही दिवस ती शाळा सुटल्यावर माझ्याजवळ बसते. तिनं पाठाच्या टिपणांची वही मागितली, ती दिलीच. पण तिला मी आधी गेल्या वर्षीची जुनी कॅलेंडरं काढून दिली आणि उशिराचं पान कसं वाचायचं ते दाखवलं: सोमवारचा उशीर वेगळा ठेव, एका तारखेनंतरचा वेगळा, परीक्षेच्या आधीचा वेगळा. वर्गात येणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी पाणी किती वाजता येतं ते पहिल्या पंधरवड्यात विचारून घे. सह्या तपासताना मुलाकडे बघू नकोस, अक्षराकडे बघ. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत न जाता एकदा फाटकाशी उभी राहा, मामा तिथंच असतात. ते आता शाळेतले सगळ्यात जुने आहेत आणि पुढच्या वर्षी तेही निवृत्त होतील, तेव्हा जे विचारायचं ते याच वर्षी विचार. तिनं ते वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, ‘‘मिस, घरी जायचं झालं तर फादरची परवानगी लागते का?’’ मी म्हटलं, ‘‘सांगून जा. आणि शक्यतो सहानंतर जा, तेव्हा आया घरी असतात.’’